आपल्याकडं

एक लोखंडी स्टूल. एका पायाखाली टायरचा तुकडा.

घोडेगावच्या बाजारातून आणलेली म्हैस. गर्दी अंगावर आली की खुंटा उपटून चालू लागायची तिची सवय. विकणाऱ्यानं तिच्या दुधाबद्दल भरपूर सांगितलं, हे राहून गेलं.

कांद्याचं नवं रोप. लावणीनंतर तीन-चार दिवसांनी त्याला पाणी लागतं, त्याला आंबवणी म्हणतात. ती चुकली की रोप मान टाकतं.

'आपलं' हा शब्द. त्यात कोण कोण येतं, हे बोलणाऱ्यावर अवलंबून.

सहादेवच्या तोंडी तो एकाच वाक्यात यायचा. "आपलं आपण बघावं." हे वाक्य म्हणूनच तो दोन वर्षांपूर्वी वस्तीच्या सावडीतून बाहेर पडला होता. सावड म्हणजे आज सगळे तुझ्या वावरात, उद्या सगळे माझ्या. सहादेवचं म्हणणं, यात लोकांचे उपकार होतात आणि चहा फार लागतो. तेव्हापासून तो आणि बनुबाई, दोघंच. यंदाचा कांदाही दोघांनीच वाकून वाकून लावला. बनुबाईची कंबर अजून सरळ झाली नव्हती.

बोअरवरचं शेड तर त्यानं एकट्यानं उभं केलं. मोबाईलवर बघून वेल्डिंग शिकला, पाइप आणले, पत्रे आणले, आणि बोअर, स्टार्टर, पेंडीची पोती सगळं एका छताखाली घेतलं. नटबोल्ट एक नाही. सगळं जोडकाम पक्कं. फक्त पाय जमिनीत गाडायचे राहिले, कारण कोबा ओतताना खांब धरायला दुसरा माणूस लागतो. त्यानं चारी पायांना दगड बांधले आणि लांब उभं राहून बराच वेळ बघितलं.

मग आंबवणीच्या आदल्या दिवशी मोटार जळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारवाला गोरक्षनाथ बोअरातले पाइप वर ओढायची उंच, तीन पायांची तिकाटी घेऊन आला. त्यानं बोअरकडं बघितलं, मग वर पत्र्याकडं. मग तिथल्याच स्टुलावर बसला.

"सहादेवमामा, मोटार कुठून काढू?"

"बोअरातून. आनखी कुठून?"

"ते झालं. पर पाइप वर येनार कुठं? त्याला वर आभाळ लागतं. तुमी तर आभाळाला पत्रा मारलाय."

सहादेवनं वर बघितलं. पत्रा खरंच होता.

"कापून टाकू एक पत्रा."

"कटरला लाईट पायजे. लाईट येनार संध्याकाळी. तवर मोटार खाली बसली न्हाई, तर आजची पाळी गेली. उद्या तुमचं रोप झोपलं समजा."

सहादेवनं दगड सोडले आणि एका खांबाला खांदा लावला. शेडचा एक पाय वीतभर उचलला गेला. बाकीचे तीन पाय जागेवर राहिले. त्यानं दुसऱ्या पायाशी जाऊन तसंच केलं, तेव्हा पहिला खाली बसला. असे दोन फेरे झाल्यावर गोरक्षनाथ म्हणाला, "मामा, फेऱ्या घालून शेड हलत न्हाई, मानूस थकतो."

बनुबाई कमरेला हात लावून हे बघत होती. "अवं, मी कल्यानभावजींना बोलावते."

"काय गरज न्हाई. आपलं आपन..."

"बघितलं की आपलं! आता दुसऱ्यांला बी बघू द्या," म्हणून ती बांध ओलांडून गेलीसुद्धा.

शेजारच्या वावरातला कल्याण हातातलं काम टाकून आला. त्याच्यामागं त्याच्या रानात खुरपणाऱ्या बायका, त्यांची म्होरकी बायडाबाई, आणि रस्त्यानं जाताना गर्दी बघून थांबलेल्या टेम्पोतले दोघंतिघं. "काय झालंय?" असं कोणी विचारलं नाही. शेड दिसतच होतं. कल्याणनं स्टुलाकडं एकदा बघितलं आणि खांबाला हात घातला.

सहादेवला राहवेना. "खरा भार मधी असतो. मधी मी धरतो," म्हणून तो स्टुलावर चढला, मधला वरचा पाइप पकडला आणि स्टूल पायानं बाजूला सारलं. बाकीच्यांनी खांब आणि कमरेइतक्या उंचीचे आडवे पाइप धरले.

"उचला!"

शेड उचललं गेलं.

"घ्या आपल्याकडं!" पूर्वेकडून कल्याण ओरडला.

"आलं, आलं, आपल्याकडं!" पश्चिमेकडून गोरक्षनाथ.

"ओढा की आपल्याकडं!" उत्तरेकडून टेम्पोवाले.

प्रत्येकानं मनापासून आपल्याकडं ओढलं. शेड करकरलं आणि जागच्या जागी गोल फिरू लागलं. पेंडीचं एक पोतं आडवं झालं. मधोमध सहादेवही फिरत होता.

"थांबा गं बायांनो! थांबा रं!" बायडाबाई कडाडली. "आपल्याकडं म्हंजी कुनाकडं? हितं चार बाजूला चार आपलं झालं! समद्यांना दिसंल असं काय तरी सांगा. ती म्हैस दिसती का?"

"दिसती!"

"मग चला म्हशीकडं!"

आता शेड खरंच निघालं. हलकं, एका चालीत, पाऊल पाऊल. सहादेवला आश्चर्य वाटलं. एवढं जड शेड आणि हाताला फारसा भार नाही. मधे आपण आहोत म्हणून, असं त्याच्या मनात आलं.

म्हशीनं मान वर केली. पुष्कळ पायांचं, पत्र्याच्या पाठीचं काहीतरी सरळ तिच्या अंगावर चालून येत होतं. तिनं खुंटा उपटला आणि चालू लागली.

"म्हैस चालली की वं!" बनुबाई ओरडली.

पण हुकूम म्हशीकडं असा होता, आणि तो कोणी मागं घेतला नव्हता. म्हैस बांधाकडं वळली, शेड वळलं. म्हशीनं बांध ओलांडला, शेडनंही 'हळू, हळू' म्हणत ओलांडला. कल्याणच्या हिरव्यागार घासात म्हैस शिरली आणि तोंड घालून उभी राहिली.

"ठेवा!" बायडाबाई म्हणाली.

शेड घासात टेकलं. सगळे हसत, धापा टाकत खाली बसले.

"बघा," सहादेव घाम पुसत म्हणाला, "मधी धरायला मानूस पायजे का नगं?"

बायडाबाई बोअरपाशी परत गेली आणि हातात चपला घेऊन आली. सहादेवच्या. शेड उचललं तेव्हा जिथं त्याच्या पायांतून सुटल्या, तिथंच त्या पडून होत्या.

"सहादू, अनवानी आलास, तरी पायाला माती कशी न्हाई रं तुज्या?"

सहादेवनं तळपाय बघितले. स्वच्छ होते.

मोटार निघाली, गोरक्षनाथनं आणलेली दुसरी बसली. संध्याकाळी लाईट आली आणि पाणी वाफ्यावाफ्यानं रोपांत शिरलं. चहा बराच लागला. बनुबाईनं दुसऱ्यांदा आधण ठेवलं, तेव्हा सहादेवच साखर शोधायला उठला.

दिवेलागणीला तो बांधावर गेला. कल्याण तुडवलेल्या घासातून म्हशीला पाठीवर थोपटत बाहेर काढत होता.

"कल्यान, घासाचं लई नुकसान झालं."

"उगवतंय पुन्यांदा."

सहादेव जरा घुटमळला. "ते शेड... उद्या आपल्याकडं घ्यायचं का?"

कल्याणनं शेडकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"आपल्याकडंच हाय की."

शेड बांधलं त्या आठवड्यात वरच्या पाइपाला सहादेवचा हात पुरत नव्हता. ज्या स्टुलावर उभं राहून त्यानं तो एकट्यानं जोडला, ते कल्याणच्या ओट्यावरून आणलेलं होतं.