पुढची सीट

वच्छलाबाईंच्या तुळशीला पाणी घालता घालता कांताबाईंच्या मनात लाव्हा उसळत होता. शेजारच्या वच्छलाबाई आणि मधुकरराव मुलाकडे, मोहितकडे, न्यूझीलंडला गेले होते आणि जाताना घराची किल्ली कांताबाईंच्या हातात ठेवून गेले होते. शेजारधर्म म्हणून कुंड्या सांभाळायच्या. त्या सांभाळल्या असत्या हो कुणीही. पण रोज सकाळी मोबाइलवर वच्छलाबाईंचं नवं स्टेटस यायचं, ते कसं सांभाळायचं? एके दिवशी धुमसणारा डोंगर. दुसऱ्या दिवशी समुद्रकिनारा. तिसऱ्या दिवशी हजारो वर्षांचं जंगल आणि त्यात गुडघ्यापर्यंत पँट घातलेल्या वच्छलाबाई.

"थे ज्वालामुखी पाहून राहिली अन् मी तिच्या शेवंतीले पाणी घालून राहिली," कांताबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तीस वर्षांत तुमी मले कुठं नेलं, सांगा."

"रामटेकले नेलं नाही का?" देवराव म्हणाले. बोलल्यावर त्यांनाच ते बोलायला नको होतं असं वाटलं.

शेवटी देवरावांनीच तोड काढली. ज्वालामुखी कायले पाहिजे परदेशातला? आपल्या महाराष्ट्राचा काळा पत्थर सगळा लाव्ह्याचाच. लोणारला जायचं, तिथून कोकणात समुद्र पाहायचा, आणि परतताना एखादी जुनी देवराई. तिन्ही वस्तू घरच्या गाडीनं. कांताबाईंना हे इतकं पटलं, की वच्छलाबाई परत आल्या त्याच आठवड्यात त्यांनी बॅगा भरल्या आणि आपल्या घराची किल्ली द्यायला शेजारी गेल्या.

"आमी दोघंच चाललो," त्या मुद्दाम सावकाश म्हणाल्या. "तेवढं तुळशीले पाणी घालजा. ज्वालामुखी, समुद्र, जंगल, सगळंच करून येतो."

"भल्लं झालं," वच्छलाबाई म्हणाल्या. किल्ली घेऊन त्या पटकन आत वळल्या आणि कांताबाईंना ते फार आवडलं.

गाडी नागपूरच्या वेशीवरच्या वाडीपर्यंत उत्तम गेली. वाडीला गोदामांसमोरच्या ट्रकांच्या रांगेत तिनं एक आचका दिला आणि बसकण मारली. तिथल्या कवडू मिस्त्रीनं बॉनेटखाली डोकं घातलं, बराच वेळ काढलं नाही, आणि मग म्हणाला, "काका, क्लच गेला. या मॉडेलचा माल इथं नाही भेटत. हप्ताभर धरून चाला."

देवराव म्हणाले, "चाल घरी."

"घरी?" कांताबाईंनी असं पाहिलं की कवडूनं पुन्हा बॉनेटखाली डोकं घातलं. "तिच्यासमोर? दुपारच्या जेवणाच्या आत परत? मी इथंच गोदामात राहीन, पण तिले तोंड नाही दाखवणार."

गोदामात काही राहता येईना. मग ठरलं असं, की घरी जायचं, पण कुणाला कळू द्यायचं नाही. मे महिन्यात नागपूरला हे अवघड नाही. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि जो असतो तो उन्हापायी डोळे सोडून सगळं तोंड बांधून असतो. दोघांनी दुपट्टे गुंडाळले, ऑटो चौकातच सोडला आणि दुसऱ्या किल्लीनं लॅच उघडून चोरासारखे स्वतःच्या घरात शिरले. वाडीहून निघण्यापूर्वी कांताबाईंनी रस्त्याकडेच्या काळ्या खडीच्या ढिगाचा अगदी जवळून फोटो काढला होता. घरात शिरल्या शिरल्या तो स्टेटसला लागला. खाली लिहिलं, 'ज्वालामुखीच्या प्रदेशात आम्ही दोघं.'

खरी पंचाईत पुढेच होती. कूलर लावायचा नाही. त्यांच्या कूलरचा आवाज पलीकडच्या गल्लीत जायचा. पंखा एकवर, खिडक्या बंद, बोलायचं कुजबुजत. नागपुरी मे महिना आणि कूलर नाही, म्हणजे ज्वालामुखीच्या प्रदेशात असल्याचं फार काही खोटं नव्हतं. देवराव ओला पंचा डोक्यावर घेऊन फरशीवर लोळत होते.

"समुद्र कसा करायचा?" कांताबाईंनी विचारलं.

"मले पाणी दे प्यायले. समुद्र राहू दे."

पण त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. परातीत रवा पसरला, देवघरातला शंख त्यावर आडवा ठेवला, आणि कोकण तयार झालं. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणातल्या कढीलिंबाखाली उताणं झोपून देवराई काढली. वच्छलाबाईंनी तिन्ही स्टेटस पाहिली. एकालाही उत्तर दिलं नाही. "जळून राहिली," कांताबाई समाधानानं म्हणाल्या, आणि घामाघूम होऊन त्याच समाधानात झोपल्या.

वच्छलाबाई रोज संध्याकाळी यायच्या. लॅचमध्ये किल्ली फिरली, की हे दोघं धान्याच्या खोलीत, गव्हाच्या कोठीमागे. त्या अंगणात जायच्या, पाणी घालायच्या, जायच्या. चौथ्या दिवशी मात्र अंगणातून आल्या आणि गेल्याच नाहीत. बैठकीत कूलर सुरू झाल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली.

"आपल्या कूलरची हवा थे खाऊन राहिली," कांताबाई कुजबुजल्या. देवरावांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

बाहेर वच्छलाबाई फोनवर मैत्रिणीशी बोलत होत्या. "हो वं इंदू, गेलो ना न्यूझीलंडले. काय सांगू तुले. पुढं मोहित अन् सून. मागं मी, बॅगा अन् हे. ह्यांचं तर गाडी सुरू झाली का घोरणं सुरू. ज्वालामुखीपाशी उतरवलं, फोटो काढला, चला बसा. समुद्रापाशी उतरवलं, फोटो काढला, चला बसा. एक माणूस माह्यासंगं बोललं नाही. अन् ह्या कांताबाईले पाह्य. नवऱ्यानं एकटीले नेलं. पुढच्या सीटवर बसून गेली बाई. माह्या जिवाची आग होऊन राहिली, खोटं कायले बोलू."

अंधारात कांताबाईंनी देवरावांचा हात घट्ट धरला. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

फोन ठेवल्याचा आवाज आला. चपला दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"कांताबाई," वच्छलाबाई जरा मोठ्यानं म्हणाल्या, "कूलरमधी पाणी भरून ठेवलं हाय. चालूच राहू द्या, कोणी इचारलं तर मी बसली होती म्हणून सांगतो. अन् उद्यापासून मी येत नाही. तुळशीले तुमी पाणी घालूनच राहिल्या. रोज ताजं कुंकू दिसते."

दार लागलं.

देवराव बायकोकडे वळले. "तू तुळशीले पाणी घातलं?"

"मंग घरात असून तिले उपाशी ठेवू का?"

देवराव जाऊन कूलरसमोर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. कांताबाईंना मात्र त्या गार हवेतही चैन पडेना. "अवो, थे फोनवर बोलली थे खरं, का आपण आयकून राहिलो म्हणून?"

"काय फरक पडते?"

"फरक कसा नाही पडत? खरं असंल तर मी जिंकली. मले बरं वाटावं म्हणून बोलली असंल तर थे जिंकली."

गाडी दुरुस्त होऊन येईपर्यंत कांताबाईंना हा एकच प्रश्न खात होता. गाडी आली. देवराव म्हणाले, आता खरंच लोणारला जाऊ. पहाटे बॅगा ठेवून कांताबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि वच्छलाबाई किल्ली घ्यायला फाटकाशी आल्या. स्टेटसबद्दल, शंखाबद्दल, कशाबद्दलही चकार शब्द नाही. फक्त त्यांची नजर त्या सीटवर गेली आणि तिथंच राहिली. पोटभर जेवणाऱ्याच्या ताटाकडे उपाशी माणूस पाहतो तशी. कांताबाईंना उत्तर मिळालं. खरं होतं सगळं.

आता खुशाल हसायचं आणि काच वर करायची. पण कसं कुणास ठाऊक, त्यांनी दार उघडलं आणि त्या खाली उतरल्या.

"बसा तुमी पुढं," त्या म्हणाल्या. "मधुकररावांले उठवा. लोणारपर्यंतच तं जायचं हाय."

वाडी मागे टाकून गाडी अमरावती रस्त्याला लागली, तेव्हा मागच्या सीटवर मधुकररावांचं घोरणं कांताबाईंच्या कानात शिरत होतं आणि मांडीवर दोन बॅगा होत्या. पुढे देवराव स्टिअरिंगवरचा एक हात काढून काळा पत्थर दाखवत होते.

"हा सगळा लाव्हा हाय बरं, वच्छलाबाई."

"अवो माय, मले कोणी सांगितलंच नव्हतं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

तीस वर्षांत या माणसानं आपल्याला असा हौसेनं एक दगडही दाखवला नव्हता, हे कांताबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी बॅगांच्या वरून मान काढून विचारलं, "लोणार अजून किती दूर हाय?"