नानाच्या घागरीखालचा देश

आमच्या सुपडू नानाला "कसं काय नाना, तब्येत?" असं विचारायची सोय नाही. नाना स्वतःची तब्येत सांगतच नाही, देशाची सांगतो. "ताप उतरना नही आजून," म्हणतो आणि कपाळाला हात लावतो, "बठ्ठं अवघड शे रे भाऊ!" बठ्ठं म्हणजे सगळं. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला मलेरिया झालाय.

पारोळ्याकडे आमचं गाव, नानाचं घर माझ्या घराला लागून. मी चौथी शिकलो, नाना दुसरी. तेव्हा वादात माझा शब्द वरचढ असायला पाहिजे. होत नाही. नानाचा आवाज मोठा.

पण त्याची काळजी खोटी नाही, हे मी कोणाहीसमोर सांगेन. सकाळी मोबाइलवर बातम्या ऐकल्या की दुपारी त्याला भाकर जात नाही. नद्या आटल्या तर? पोरं सगळी सुरतला, इथं राहणार कोण? माणसं एकमेकांच्या दारात जाईनाशी झाली, पुढं कसं?

हे शेवटचं तो बोलायला लागला की मी खाली बघतो. नानाची एकुलती लेक सुमन, परजातीतल्या मुलाशी लग्न करून धुळ्याला गेली, त्याला दहा वर्षं झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावभरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. सुमन येत नाही. नाना बोलवत नाही, आणि बापानं बोलावल्याशिवाय ती उंबरा चढायची नाही. बापाचीच लेक. नानाची बायको होती तोवर चोरून फोन तरी व्हायचा. ती मागच्या हिवाळ्यात गेली. आता नाना, चूल आणि मोबाइल.

यंदा त्याच्या कानावर आलं की दशक संपतंय. झालं! देशानं दहा वर्षांत काय केलं आणि पुढच्या दहांत काय होणार, याचा निकाल नाना लावणार, तोही आखाजीला.

"नाना, दशक डिसेंबरात संपतं," शाळेतले गुरुजी म्हणाले.

"डिसेंबरमा मी कापूस वेचू का देशना हिशोब करू?"

सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं, त्याला ठेवायचा की काढायचा ते त्याच दिवशी ठरतं. मग देश काय सालदारापेक्षा मोठा लागून गेला?

आमच्याकडे आखाजीला मातीची चार ढेकळं मांडतात, त्यांना पावसाळ्याच्या चार महिन्यांची नावं देतात आणि वर पाण्यानं भरलेली कोरी घागर ठेवतात. घागर झिरपते. जे ढेकूळ भिजलं, त्या महिन्यात पाऊस चांगला. दिवे लागेपर्यंत हात लावायचा नाही. नानाच्या ओट्यापुढं गाव जमलं, आणि नानानं महिने काढून टाकले. त्याची ढेकळं म्हणजे पाणी, पीक, पोरांचं काम आणि एकोपा.

"नाना, एक ढेकूळ रस्त्याचं ठेवा!" ओट्याखालून कोणीतरी ओरडलं.

"नको. वलं व्हयनं तं खड्डा पडी."

दुपारपर्यंत पाणी भिजलं. पीक भिजलं. पोरांचं काम अर्धंच भिजलं. "कंत्राटी लागतीन," नानानं निकाल दिला. लोक पोट धरून हसले.

एकोपा ठणठणीत कोरडा.

"घागर जरा तिरकी करा नाना, देश वाचेल!"

नाना हसला नाही. सकाळपासून तो पाण्याचा घोट प्यायला नव्हता. "तुमले गंमत वाटस," तो म्हणाला. "आजून धा वरीस असंच कोरडं ऱ्हायनं तं?" आवाज एवढासा झाला होता. मी घाबरलो. एवढ्याशा आवाजाचा नाना मी कधी ऐकला नव्हता.

ऊन उतरलं, लोक पांगले. निंबाखाली लेकींची गाणी चालू होती. मी गुडघ्यावर हात ठेवून वाकलो, नीट बघितलं.

"नाना, घागर कोणी मांडली रे?"

"मीच. दुसरं कोन शे घरमा?"

"एका अंगाला कललीय. त्या ढेकळाला टेकलीच नाही, तर ते भिजेल कसं? सरळ करू का?"

"हात लावू नको!"

मी हात मागं घेतला. नानानं वाकून ते ढेकूळ बघितलं.

"घागर घरनी लेकले भरनी पडस," तो म्हणाला. "पुरुषनं काम नही ते."

माझाही हट्ट कमी नाही. त्याचं त्यानंच बोलावं.

"तुनी बायकोकडे तिना नंबर शे ना?"

"आहे."

"लाव."

"लावतो. पण सांगू काय?"

"सांग, देशनं काम शे."

मी घरातून बायकोचा फोन आणला, लावला, "सुमन, मी काका," म्हटलं. "बोला काका," पलीकडून सुमन. मी फोन नानासमोर धरला. त्यानं दोन्ही हात धोतराला पुसले, पण फोन काही घेतला नाही. तोंड भिंतीकडे केलं आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, "तिले इचार, जावईले आमरस गोड लागस का आंबट!"

मला वाटलं, फोन कटला.

मग सुमन म्हणाली, "काका, पारोळ्याची गाडी मिळेल का हो आत्ता?"