भामरे सरांचं प्लेफुली

भामरे सर छडी मारायच्या आधी पोराला सांगायचे, "प्लेफुली मारतोय हं." आणि मग सणकन ठेवून द्यायचे. पोरगं हात चोळत कळवळायचं, "सर, प्लेफुलीपण लागतं!" यावर सर खूश. "वा! वाक्यात उपयोग जमला. बस खाली."

धुळ्याच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी भूगोल. देवपुरात आमची घरंही भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हा शब्द शाळेत ऐका आणि घरीही ऐका. इंग्रजीत शब्दांचा काय दुष्काळ पडला होता? पण यांचा जीव त्या एकाच क्रियाविशेषणावर! हेडमास्तरांच्या टकलावर बोलले, प्लेफुली. माझ्या बायकोने पाठवलेल्या शेवभाजीला जुलाबाचं औषध म्हणाले, तेही प्लेफुली. तिने पुढे कित्येक दिवस वाटी पाठवली नाही.

"अहो, याला मराठीत आगाऊपणा म्हणतात," मी एकदा वैतागून म्हणालो.

"चूक. गाइडवाले 'खेळकरपणे' छापतात, तेही चूक." सर बोट नाचवत म्हणाले, "जिभेवर तिखट आणि पोटात माया, त्याला प्लेफुली म्हणतात. माया नसेल तर नुसतंच तिखट."

एकदा एका पोराने वाक्य केलं, मांजर उंदराशी प्लेफुली खेळतं. सरांनी विचारलं, "उंदराला विचारलंस?" अख्खा वर्ग हसला. सर नाही हसले.

का नाही हसले, ते मला माहीत होतं. त्यांची एकुलती एक सुमन पाचोऱ्याला दिलेली. लग्नात व्याही, म्हणजे आबा, पंगतीत जिलबी पुन्हा पुन्हा मागून घेत होते. वाढायला सर स्वतः उभे. जीभ वळवळली. "आबा, कढई तेवढी ठेवा बरं, भाड्याची आहे!" पंगतीत हशा पिकला. आबांचा घास हातातच राहिला. मुलाचा बाप भरल्या ताटावरून उठला आणि त्याच्यामागे सगळं वऱ्हाड उठलं. सर हात जोडून मागे मागे फिरत होते, "प्लेफुली बोललो हो आबा, प्लेफुली!" आबांना इंग्रजीचा गंध नव्हता. अपमान मात्र बरोबर समजला होता. मला विचाराल तर दोघांनीही शेण खाल्लं, आणि भोगलं पोरीने.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. दारी झोका बांधतात, पोरी गाणी म्हणतात. लेकच आली नाही तर सण कसला आणि मांडे कसले! सर दरवर्षी चैत्र संपता संपता दारच्या निंबाला दोर बांधायचे, फळी पुसायचे, स्वतः बसून दोर जोखायचे. गल्लीतल्या पोरी झोक्याजवळ आल्या की हाकलायचे, "पळा! सुमी येतेय." मग पाचोऱ्याला जायचे आणि एकटेच परत यायचे. "आबांना बरं नव्हतं," असं काहीतरी वहिनींना सांगायचे. वहिनी पुरणाचं पातेलं झाकून ठेवायच्या.

एका वर्षी मला म्हणाले, "या खेपेला तुम्ही चला. मुराळी दुसरा असला की आबा नरमतील." लेकीला आणायला जाणारा तो मुराळी. मी गेलो.

ओसरीवर आबा चार सोबत्यांबरोबर पत्ते कुटत बसले होते. आखाजीला त्याला कोणी नावं ठेवत नाही. सर चप्पल काढतात न काढतात तोच आबा म्हणाले, "लई जा मास्तर. तुमनीच पोर शे."

घेऊन जा म्हणताहेत? सरांचा कानांवर विश्वास बसेना. सुमन आतून पिशवी घेऊन आलीच, किती दिवस भरून ठेवली होती देव जाणे. तिने उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला. आबांनी पान टाकलं आणि वर न बघता म्हणाले, "थांब. मी ते गंमत करी. काय मास्तर, तुमना तो शब्द काय शे? प्लेफुली!"

पत्तेवाले खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असली माणसं! मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी माझा हात दाबला आणि तेही हसले. इतकं केविलवाणं हसू मी कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

सुमनने बापाकडे पाहिलं. पाय आत घेतला. "नाना, प्लेफुली म्हणाले ते," ती हसून म्हणाली, "मनावर घेऊ नका. आईला सांगा, मी बरी आहे." आणि आत गेली.

एसटीत सर खिडकीबाहेर बघत बसले. पारोळा गेल्यावर एकदम म्हणाले, "वापर चुकला सुमीचा."

मी तिकिटाची घडी घालत बसलो.

"मीच शिकवलाय तिला तो शब्द. चुकला हे तिलाही माहीत आहे."

देवपुरात पोचलो तेव्हा गल्लीतल्या पोरी निंबाखाली घुटमळत होत्या. सरांना बघून मागे सरल्या. सर झोक्यापाशी गेले, खिशातल्या रुमालाने फळी पुसली आणि म्हणाले, "या गं. बसा."

पोरी एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसल्या. त्यांना वाटलं, सर गंमतच करताहेत. एकही पुढे आली नाही.