जिना पुसणारे बारा वंश

जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या आमच्या इमारतीत जिना कुणी कधी पुसायचा, याचा तक्ता एझ्राकाका लिहितात. त्यावर आडनावं नसतात. प्राचीन इस्राएलचे बारा वंश असतात! काकांचा सोडून बारा फ्लॅट, आणि कुणाला कुठला वंश ते काका ठरवतात. जर्मन शेजाऱ्यांना त्याचं काहीच वाटत नाही. फ्लॅट नंबर आणि आठवडा बरोबर आहे ना, मग झालं.

काका मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटे. याकोब हा या वंशांचा मूळपुरुष; त्याने मरताना आपल्या बारा मुलांना जे सुनावलं, ते काका शेजाऱ्यांना लावतात. तळमजल्यावरच्या बाई दाराच्या फटीतून बघतात, म्हणून त्या दान, वाटेवरचा साप. वरचा विद्यार्थी दर सेमिस्टरला विषय बदलतो, म्हणून रऊबेन, पाण्यासारखा चंचल.

आणि मी इस्साखार. गाढव!

"अरे, बळकट गाढव," काका म्हणाले. "रविवारीसुद्धा लॅबला जातोस. गेनाऊ, अगदी बरोबर!"

माझं डोकंच फिरलं. माझ्या आजोबांनी जात टाकली, बुद्धाचा धम्म घेतला. मी पीएचडीला एवढ्या लांब आलो, तर इथे एक म्हातारा मला भर जिन्यात चौकटीत बसवतो! मी तक्ता उपटला आणि काकांच्या दारात उभा राहिलो.

"काका, हे खोडा. आत्ताच्या आत्ता. माणसाला जन्मावरून काही चिकटवायचं नाही."

"जन्मावरून कुठे? कामावरून दिलंय."

"हेच! अगदी हेच आम्हाला पिढ्यान्पिढ्या ऐकवलंय! आणि तुमच्या फ्लॅटपुढे नुसतंच 'एझ्रा' का हो? यहूदाचा वंश, तो सिंह, घ्यायचा होता की स्वतःला!"

काकांनी पेन काढलं आणि माझ्या ओळीवर रेघ मारली.

"घेता येत नाही रे. आमच्या लोकांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं म्हणतात. सात जोडपी वाचली. पोथ्या, वंशावळी, सगळं समुद्रात. आम्ही तेल गाळायचो, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं शनिवार तेली नाव ठेवलं. पुढे बाहेरचे यहुदी भेटले, ते विचारायचे, तुम्ही कुठल्या वंशाचे? नक्की आमचेच ना? माझ्या बापाला सांगता आलं नाही, मलाही येत नाही."

वंश नाही म्हणून कुणी झुरावं, हे मला पटत नव्हतं. अजूनही पटत नाही.

"तुझं बरोबर आहे," काका म्हणाले. "तुला नको होतं ते मी चिकटवलं. पण मला कुणीतरी म्हणावं ना, हा आमच्यातला. गाढव म्हणून का होईना. आयुष्यभर वाट बघितली रे."

हे ऐकून माझा पारा पुन्हा चढला. मी सरळ आत जाऊन खुर्चीत बसलो.

"चहा ठेवा काका. तुम्ही आमच्यातले. परत कुणी नक्की का म्हणून विचारलं, तर माझ्याकडे पाठवा. बघतोच एकेकाला!"