मागच्या खोलीतला बंब

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या मागच्या खोलीत पुढील गोष्टी होत्या. तांब्याचा बॉयलर एक, मी स्वतः बांधलेला. त्यात आडव्या नळ्या अकरा आणि चांदीच्या डाखाने जोडलेले सांधे चौतीस. दाबमापक एक. हातपंप एक. स्पिरिटचा दिवा एक, त्याला वाती सहा. नट आवळायचे पाने चार, बादली एक, स्टूल एक. माणसं आत दोन, दारात दोन. आणि एक यादी, तिच्यात कलमं सत्तावीस.

यादी हा माझा खास अभिमान! पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं नोकरी करते आहे आणि आजवर माझा एकही नमुना चुकलेला नाही. का? तर मी डोक्यावर विसंबत नाही, यादीवर विसंबते. "उद्या चूक होणं शक्यच नाही," असं मी शनिवारी जेवताना मीठ मागावं इतक्या सहज जाहीर करून टाकलं होतं.

"बंब फुटला तर?" मावशीने विचारलं.

"बंब नाही गं, बॉयलर!"

"तेच ते. फुटला तर?"

आता हा बंब फुटण्या-न फुटण्याचा मावशीशी थेट संबंध होता. मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते आणि लोकांचे पडदे शिवते. तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर. ती पॅडल मारते तेव्हा ओट्यावरच्या वाट्या नाचतात, आणि आईने फोडणी टाकली की पडद्यांना वास लागतो. त्यामुळे मागच्या खोलीवर तिचा डोळा होता. माझा तर त्या खोलीत संसारच होता! गेले अकरा महिने मी तिथे पत्रा कापत, वाकवत, तापवत होते. तांबं तापलं की लाल होतं, आणि ते बघून आई पांढरी व्हायची.

शेवटी आईनेच तोडगा काढला. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे घरातले वादही ती परीक्षा घेऊनच मिटवते.

"तुझ्या त्या क्लबकडून लिहून आण, हे प्रकरण सुरक्षित आहे म्हणून. कागद मिळाला तर खोली तुझी. नाही मिळाला तर ताईची. मग दोघींनीही तोंड वर करून बोलायचं नाही."

वाफेची छोटी इंजिनं हौसेने बनवणाऱ्या आमच्या क्लबचे सभासद नऊ. बॉयलर तपासून कागद देण्याचा अधिकार त्यांतल्या एकालाच आहे, आणि ते व्यवसायाने दातांचे डॉक्टर आहेत! रविवारी ते आले ते दवाखान्यातली हत्यारं घेऊनच. बॉयलरच्या पोटातल्या भट्टीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसले, कपाळावरचा दिवा लावला आणि लांब दांडीचा छोटा गोल आरसा आत सरकवला.

"हं. आतली रांग सरळ आहे. इथे दुखतं का?"

"डॉक्टर, तो बॉयलर आहे."

"सवय हो. डावीकडून तिसरी नळी जरा किडल्यासारखी वाटते. नाही, काजळी आहे. स्वच्छता ठेवत जा."

दारातून आई आणि मावशी बघत होत्या. मावशीच्या हातात इस्त्रीसाठी ओला करून पिळलेला जाड कपडा होता. इस्त्री तिने मुद्दाम अर्धवट सोडली होती, माझा निकाल चुकू नये म्हणून.

पहिली चाचणी थंड पाण्याची. माझा बॉयलर चालायचा चार किलो दाबावर, म्हणून चाचणीला दुप्पट, आठ किलो. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, सगळी भोकं बुचांनी बंद करायची आणि पंपाने दाब चढवायचा. सेफ्टी व्हॉल्व्हही काढून त्या जागी पितळी बूच बसवावं लागतं. तो चार किलोला आपोआप उघडून दाब सोडून देतो, हेच तर त्याचं काम! तो जागेवर असेल तर आठ कसे गाठणार?

आठ किलो गाठले. वीस मिनिटं काटा हलला नाही. चौतीस सांध्यांपैकी एकातूनही थेंब नाही! डॉक्टर म्हणाले, "वा!" आई म्हणाली, "अगंबाई!" मावशीने हातातला कपडा आणखी एकदा पिळला.

दुसरी चाचणी वाफेची. निम्मं पाणी काढलं, पंप सोडवला, आणि डॉक्टरांनी माझी यादी मोठ्याने वाचायला घेतली.

"पाण्याची पातळी?"

"निम्मी."

"दाबमापक?"

"आहे."

"शिट्टी?"

"आहे."

"सेफ्टी व्हॉल्व्ह?"

"आहे!"

सत्तावीस कलमं, सत्तावीस खुणा. मी दिवा पेटवून भट्टीत सरकवला. या दिव्याच्या ट्रेबद्दल सांगायलाच हवं. भट्टीची रुंदी आणि ट्रेची रुंदी यांत मी फरक ठेवला होता मिलिमीटरचा फक्त पाचवा भाग! वाया जाणारी उष्णता कमी व्हावी म्हणून. ट्रे आत गेला तो लोण्यात सुरी जावी तसा. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी भुवया उंचावल्या. आयुष्यात इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

एक किलो. दोन. तीन. बॉयलर मांजरासारखा गुरगुरायला लागला.

"चार झाले," डॉक्टर म्हणाले. "आता व्हॉल्व्ह उघडेल."

चार पूर्णांक दोन.

"नवीन आहे, जरा घट्ट असेल," मी म्हणाले.

चार पूर्णांक पाच.

मला घाम फुटला. तो पुसायला मी एप्रनच्या खिशातून रुमाल काढायला गेले, तर बोटांना काहीतरी गार लागलं. मला ते काढून बघायचीही गरज नव्हती. पितळ. षटकोनी डोकं. वजन अठरा ग्रॅम.

सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का? आहे! यादीत एवढंच विचारलं होतं! कुठे आहे, असं कलम मी घातलंच नव्हतं. बॉयलरवर अजून पितळी बूच होतं, आणि बूच कुठल्याही दाबाला उघडत नाही. त्यासाठीच ते बनवलेलं असतं.

आठ किलोंपर्यंत काही होणार नाही, हे माझं शिक्षण मला सांगत होतं. पण थंड पाणी फुटलं तर नुसतं गळतं, वाफ फुटली तर उडते, हेही तेच शिक्षण सांगत होतं.

"डॉक्टर, व्हॉल्व्ह खिशात आहे!"

"कुणाच्या?"

"माझ्या!"

डॉक्टरांचा चेहरा भूल दिल्यासारखा झाला. मग त्यांचा हात सवयीने पान्याकडे गेला. "ते बूच उपटून टाकू?"

"नको! दाबाखाली काढलं तर गोळीसारखं सुटेल!"

मी दिव्याचा ट्रे ओढला. हलेना! दोन्ही हातांनी ओढला. छे! तापून तो फुगला होता आणि मिलिमीटरचा तो पाचवा भाग केव्हाच संपला होता. धातू तापल्यावर किती वाढतो याचं सूत्र मला तोंडपाठ आहे. त्या क्षणी ते मी मनात म्हटलंसुद्धा. ट्रेला त्याचं काहीही वाटलं नाही.

पाच पूर्णांक एक.

"शिट्टी!" डॉक्टर ओरडले. "शिट्टीतून वाफ सोडा!"

मी शिट्टीची साखळी खेचली. रेल्वे इंजिनाने सर्दी झाल्यावर ओरडावं तसा आवाज आला आणि थांबेचना. खालच्या मजल्यावरच्या सुताराचा आवाज आला, "अहो, किती शिट्ट्या? दगड शिजायला टाकलेत काय?"

शिट्टीचं भोक दीड मिलिमीटरचं आणि खाली वाती सहा. काटा चढण्याचा वेग कमी झाला. चढणं थांबलं नाही. पाच पूर्णांक सहा.

"आई, मावशी, बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा!"

आई चटकन मागे सरली. मावशी उलट आत आली.

"म्हणजे निकाल लागायच्या आधीच मला खोलीबाहेर काढतेस?"

"मावशी, अगं, बाहेर हो म्हणते ना!"

"नाही होणार! कागद दाखव, मग जाईन!" आणि ती बॉयलरपासून एक हातावर, स्टुलावर, मांडी ठोकून बसली.

"ताई, ऊठ गं!" आई दारातून ओरडली.

"तू मध्ये पडू नकोस! तुझी लेक आहे ती!"

सहा. मी एका हाताने साखळी धरलेली, दुसऱ्या हाताने मावशीचा दंड. मावशीने स्टुलाची कड धरलेली. डॉक्टर दाराआडून, दात काढण्याआधी पेशंटशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "घाबरायचं नाही हं. होऊन जाईल." काय होऊन जाईल ते त्यांनी सांगितलं नाही.

सहा पूर्णांक तीन. मला रडू फुटलं. अकरा महिने! आणि वर्तमानपत्रात छापून काय येणार, तर पाणी तपासणाऱ्या मुलीने मावशीला वाफेत घालवलं!

"मावशी, तो फुटेल गं! तो दिवा विझत नाहीये!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग काट्याकडे नाही, बॉयलरकडे नाही, थेट भट्टीकडे पाहिलं.

"एवढंच ना? मग सांगायचं नाही होय, दिवा विझवायचाय म्हणून!"

ती उठून वाकली. हातातल्या जाड ओल्या कपड्याची चौपदरी घडी घातली आणि भट्टीच्या तोंडात, पडद्याची दुमड दाबावी तशी, अंगठ्याने चहूबाजूंनी दाबून बसवली. फुस्स झालं. हवाच बंद! सहाच्या सहा वाती गेल्या. काटा सहा पूर्णांक चारवर थबकला आणि उतरू लागला. शिट्टीचा आवाज बारीक होत होत एखाद्या लहान बाळाच्या कुरकुरीसारखा झाला आणि बंद पडला.

आई धावत आत आली. ती म्हणाली, "ताई, हात भाजला का गं?"

"पडदे इस्त्री करणाऱ्याचे हात भाजत नाहीत," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी स्टुलावर कागद ठेवून लिहायला घेतलं. माणूस प्रामाणिक, दुर्दैवाने. भांड्याची ताकद: उत्तम. सांधे: उत्तम. सेफ्टी व्हॉल्व्ह: अर्जदाराच्या खिशात. निकाल: अनुत्तीर्ण. पुन्हा अर्ज सहा महिन्यांनी.

"शेरा काय लिहू?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी लिहिलं, 'मावशी हुशार.'

आईने कागद दोनदा वाचला आणि घडी करून मावशीला दिला. मी तोंड वर करून बोलले नाही. ठरलं होतं तसं.

दुपारी सुताराने मशीन आत आणून दिलं. पाठोपाठ कापडाचं कपाट आलं. मी एप्रन घालून, पाने आवरत, पाहुण्यासारखी कोपऱ्यात उभी.

"असं तोंड पाडू नकोस," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि त्याने मला जास्तच रडू आलं. "कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये फट राहिली आहे बघ. तिथे ठेव तुझा बंब. मी नाही म्हणणार नाही."

मी पट्टी आणली. फट तीन ठिकाणी मोजली आणि सरासरी काढली.

फटीची रुंदी: अकरा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. बॉयलरचा व्यास: अकरा सेंटिमीटर चार मिलिमीटर.