पावणेतीन लिटरचा मी

मल्लूअण्णा कुणाला नाव विचारत नाहीत. डोक्यापासून चपलांपर्यंत एकदा बघतात आणि आकडा सांगतात. मला म्हणाले, "पावणेतीन." मी तेव्हा इतका घाबरलेला होतो की हात जोडून "हो साहेब" म्हणून मोकळा झालो.

नंतर कळलं, माझ्या अंगात पावणेतीन लिटर प्लाझ्मा आहे.

अण्णा इथं बेंगळुरूत एका हॉस्पिटलात रक्त गाळायच्या मशीनवर असतात. मूळचे निपाणीकडचे. मी लातूरकडचा. आठवीत शाळा सुटली, आता इलेक्ट्रॉनिक सिटीत आयटीच्या पोरांसाठी खानावळ चालवतो. बायको मीरा पोळ्या करायची. एका सकाळी तिला ओट्यापाशी उभंच राहता येईना, दोन दिवसांत पाय पार लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, तिच्याच रक्तातलं काहीतरी तिच्या नसांवर उठलंय, पाच वेळा प्लाझ्मा बदलू. मी विचारलं, ती चालेल ना? म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'नं माझी झोप उडवली. पण अण्णांपाशी बसलं की भीती वाटायला सवडच मिळायची नाही.

"ताक ठेवून दिलं की वर निवळी येते न्हवं? तसंच. तांबडं खाली, पिवळं वर. पिवळं काढायचं, दुसरं भरायचं. खरं किती काढायचं? वजन बघायचं, तांबडं किती ते बघायचं, मग हिशोब."

आणि तो हिशोब दिवसभर चालूच. कँटीनवाल्याला, "गणपतीपासून दीडशे मिली वाढलास की रे!" गेटवरचा वॉचमन सलाम ठोकून विचारतो, "अडीच, अण्णा?" "स्वल्प कमी." लिफ्ट जास्त माणसांनी कुरकुरली की अण्णा सगळ्यांवर नजर फिरवून सांगतात, "सव्वातीनवाले उतरा." मोठे डॉक्टर मुकाट उतरतात.

एकदा म्हणे मुलगी बघायला गेले. पोहे आले, मुलगी आली, आणि अण्णांनी विचारलं, "हिमोग्लोबिन किती?" वर स्वतःशीच पुटपुटले, "सव्वादोन." लग्न तिथंच मोडलं. पुन्हा कुठं जमलं नाही. "खोटं कशाला बोलू? सव्वादोनच होती," असं अजून सांगतात.

मीराच्या वेळी मी मात्र खोटं बोललो होतो. नर्सनं वजन विचारलं. खानावळवाल्याची बायको वाळली, हे सांगवेना. लग्नातलं बासष्ट सांगून टाकलं.

अण्णांनी कागद बघितला, मीराला बघितलं. "त्रेपन्न."

"बासष्ट आहे, अण्णा."

"कुठल्या साली?"

व्हीलचेअरसकट तिला मोठ्या काट्यावर चढवलं, खुर्चीचं वजन वजा केलं. त्रेपन्न! "चारशे मिलीची थाप मारलास की! एवढं उगाच जास्त काढलं असतं तिचं." मग मीराला म्हणाले, "अक्का, हा तुला खायला घालतो, का नुसतं लाटायलाच लावतो?"

आठवड्यात पहिल्यांदा मीरा हसली. मला रडू आलं, ते मी खोकल्यात लपवलं.

चौथ्या वेळेनंतर तिचा अंगठा हलला. पाचही वेळा झाल्या. पुढं रोज व्यायाम, रोज तेच 'बघू'. तिसऱ्या आठवड्यात घरी सोडलं. रविवार होता, अण्णांची सुट्टी. भेट होणार नाही म्हणून मी हळहळत होतो. दारात मीरा म्हणाली, "खुर्ची नको. रिक्षापर्यंत मी जाते."

मी तिचा दंड धरला. तिनं पाय उचलला, टाकला. मी समोर बघितलं, तर खांबाआड अण्णा. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. पार के. आर. पुरमच्या घरून आले असणार, दोन बस बदलून. ओठ हलत होते. मला वाटलं, लिटरच. पण नाही. मीराच्या प्रत्येक पावलाला एकेक आकडा पुढं जात होता. चार. पाच. सहा.

"अण्णा! या की जेवायला!" मी ओरडलो. ते चोरी पकडल्यासारखे दचकले, जवळ आले नाहीत.

वॉचमन रिक्षात आमची पिशवी ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "कोणी घरी जाणार असलं की सुट्टीलाही येतात. असेच लांब उभे राहतात."

रिक्षा निघाली. मीरानं मागं वळून हात हलवला. अण्णांनीही हात वर केला, आणि आम्ही वळेपर्यंत तो वरच होता.