सोनकांबळे सरांची फणी

आमच्या वरच्या मजल्यावरचे सोनकांबळे सर चहा घेऊन गेलेल्या माणसाला आधी पारव्याच्या उवा दाखवतात, मग बसा म्हणतात. विद्यानगरात त्यांच्याकडे दुसऱ्यांदा चहा कुणी नेत नाही. मी नेते.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आता संक्रांतीला मांजानं कापलेली पाखरं गच्चीवरून गोळा करतात, पांढऱ्या ताटलीवर धरून फणीनं विंचरतात.

"बघा ताई, पारव्याची ऊ सडपातळ, पंखाच्या रेघांत झोपते. घारीची बघा, शादीखान्यात लग्नाचं जेवून आल्यासारखी! पण हिला पारव्याच्या अंगावर सोडा, जगायची नाही. ज्याची त्यालाच."

"सर, ताटली कुणाची ही?"

"वेगळी ठेवलीय हो."

कसली वेगळी! माझीच होती, मी शिरा दिलेली.

त्यांची एकुलती एक विशाखा मलकपेठेत राहते, पण 'जूंवाले सर' हे बापाचं नाव तिथवर पोचलेलं. सणालासुद्धा यायची नाही. यंदा संक्रांतीला आली, लेकीला घेऊन. मी तिळाच्या वड्या द्यायला गेले होते. पोरगी सारखी डोकं खाजवत होती.

सरांचा चेहरा असा फुलला! "शाळेतून आणल्यास ना गं? ये, बस इथं."

आई गेल्यावर विशाखाचं डोकं सरच विंचरायचे. उन्हात बसवून, गोष्टी सांगत. मी पाहिलंय. त्याच सवयीनं हात खिशात गेला आणि बाहेर आली ती पाखरांची फणी.

पोरगी आजोबांवर ओरडली, "नक्को ताता!"

"पप्पा! मेलेल्या कबुतरांची फणी माझ्या लेकीच्या डोक्यात?"

"उकळलीय गं विशू. आणि पक्ष्याची ऊ माणसावर जगतच नाही, ज्याची त्या..."

"तुम्हाला उवाच कळतात, पप्पा. माणसं नाही कळत."

चहा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी सर अफझलगंजच्या बाजारात जाऊन नवी फणी घेऊन आले. कव्हरासकट माझ्या दारात. "ताई, पाखराला लावली नाही ही. सांगाल तिला? माझा फोन उचलत नाही."

मी केला फोन. विशाखा म्हणाली, "काकू, डोक्याला औषध लावलं. उवा गेल्या. आता काही नको." आणि ठेवून दिला.

सर दारातच उभे. "काय म्हणाली?"

"उवा गेल्या म्हणे."

"सगळ्या?"

"हौ."

बराच वेळ ते कव्हर बोटानं सरळ करत राहिले.

"औषधानं लिखा मरत नाहीत सगळ्या," ते म्हणाले. "परत होतील, ताई."